दोन जीबीत मावेल असं

रांजणगाव, वाळूज
दि. ९ डिसेंबर २०१८

चि. सुयश यास,
ताईचा जयभीम व अ. उ. आ.

काल तुझा फोन सारखा वाजत होता. मी उचलला नाही, मुद्दामच. दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनी माझ्यासमोर तुला सांगितलं होतं, की डाव्या हातानं रोज एक पान लिहायचं, नाहीतर तो हात आयुष्यभर पाहुण्यासारखा वागेल. आईला विचारलं तर ती म्हणते, वही कोरी आहे आणि पोरगं गोधडीत आहे. म्हणून आजपासून आपला फोन बंद. माझ्याशी बोलायचं असेल तर कागदावर बोल. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलं तरी मी लावून घेईन. रामकिसनदादा वेरूळहून रोज मोटारसायकलवर कंपनीत येतात, पत्रं नेण्या-आणण्याचं त्यांनी कबूल केलंय.

सोबत पिशवी आहे, ती सांभाळून उघड. आमच्या ऑफिसनं जुने लॅपटॉप काढून टाकले, त्यातला एक मी साहेबांकडून मागून घेतला. झाकणाचा कोपरा फुटलाय, बॅटरीत दम नाही, वायर लावूनच चालतो. पण पडदा स्वच्छ आहे. ऑगस्टात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीननं तुझ्या उजव्या हाताची तीन बोटं नेली, तेव्हापासून तू कशात मन घातलेलं मी पाहिलं नाही. यात घालून बघ.

इकडं नळ सहा दिवसाआड येतो. आमच्या खोलीसमोर बाजरीचं रान होतं ना, तिथं चार मजली इमारत उठली आणि तिच्यावर पाटी लागली, चोवीस तास पाणी. आम्ही साऱ्याजणी रिकाम्या घागरी घेऊन त्या पाटीखाली उभं राहून हसलो.

रागावला असशील तर रागातच लिही, पण लिही.

तुझी,
सुलेखाताई


वेरूळ
१७ डिसेंबर

ती. ताईस जयभीम.

लिही म्हणालीस. लिहितोय. एवढ्याला अर्धा तास गेला.

लॅपटॉप मिळाला. बटण दाबलं. आईच्या भाकरी थापून झाल्या तरी त्याचं गोल गोल फिरणं चालूच. मग उघडला. मी माऊस हलवतो, बाण मागून येतो. एक फोटो उघडला तर तिथंच बसला.

माझ्यासारखाच आहे. भंगारातला. परत पाठवू का ते कळव.

आई बरी आहे. टँकर परवा आला होता.

सुयश


रांजणगाव
दि. २४ डिसेंबर २०१८

चि. सुयश यास अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. अक्षर उतरणीवरून घसरत गेलंय, पण मला सगळं वाचता आलं. एक शब्द मात्र मी खोडून टाकलाय. कोणता ते तुला ठाऊक आहे. परत लिहिलास तर पत्र न वाचता परत धाडीन.

माझ्या खोलीत अंबिका म्हणून पैठणकडची मुलगी राहते. तिच्या घरी अजून मेंढरं आहेत, आणि ही दिवसा कंपनीत काम करून संध्याकाळी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते. तिला तुझी तक्रार वाचून दाखवली. ती म्हणाली, लॅपटॉपला काही झालेलं नाही. त्याची मेमरी दोन जीबीची आणि त्याच्या डोक्यावर आजच्या काळातलं विंडोज. लहान खोलीत लग्नाचं सामान भरल्यावर माणसानं पाय कुठं ठेवायचा? ते सामान काढायचं आणि हलकी सिस्टीम घालायची. लिनक्स म्हणून आहे, फुकट मिळते. तिच्यात पुष्कळ जाती आहेत. अंबिकानं तिघींची नावं सांगितली : पपी, मिंट आणि लुबुंटू. कोणती घ्यायची ते मात्र तिनं सांगितलं नाही. ज्याला काम करायचंय त्यानं चालवून ठरवावं, म्हणते. पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, लॅपटॉपमधलं काही पुसलं जात नाही. त्यातली एक या पाकिटात आहे.

आता काम कसलं, ते सांगते. आमच्या मागच्या गल्लीत एक टूलरूम आहे, मशीनचे साचे आणि सुटे भाग बनवणारी. तिथला ड्रॉइंग काढणारा माणूस पुण्याला गेला. त्यांचे साहेब, नानासाहेब, एप्रिलमध्ये परीक्षा घेऊन नवा माणूस नेमणार आहेत. आयटीआय झालेला चालतो, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग आलं पाहिजे. मी जाऊन भेटले. तुझ्या हाताचंही सांगितलं. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, परीक्षा सगळ्यांना सारखी, वेळ वाढवून मिळणार नाही. एवढं कबूल असेल तर येऊ दे.

मी तुला न विचारता हो म्हणून आले. आयटीआयमध्ये तुझी ड्रॉइंगची पानं मास्तर पुढच्या वर्गाला दाखवायचे, ते मी विसरलेली नाही.

तुझ्या रागावरही माया करणारी,
ताई


वेरूळ
४ जानेवारी २०१९

ती. ताईस सप्रेम जयभीम वि. वि.

तुझा पेनड्राइव्ह चालत नाय. लावला, लॅपटॉप बंद करून चालू केला, परत तेच विंडोज आणि तेच गोल फिरणं. फोनवर शोधून पाहिलं. पेनड्राइव्हमध्ये तू नुसती फाइल कॉपी करून टाकलीस. तसं चालत नसतं म्हणे, ती वेगळ्या पद्धतीनं लिहावी लागते. अंबिकाताईंचा डिप्लोमा कितव्या महिन्यात आहे ते एकदा विचार.

न विचारता हो म्हणालीस त्याचा मला लई राग आला. दोन दिवस आईशीसुद्धा बोललो नाय, तिचा काही संबंध नसताना. मग तिसऱ्या दिवशी आयटीआयची पेटी उघडून स्केल आणि सेटस्क्वेअर काढले. डाव्या हातानं रेघ ओढली. पट्टी धरायला दुसऱ्या हाताचा अंगठा आणि करंगळी आहे, तेवढं पुरतं असं दिसतंय. रेघ बरी आली. लगेच खुश होऊ नको.

आई लॉजवर चपात्या लाटायला जाते. शाळांच्या सहली लेणी बघायला येतात म्हणून काम आहे, नाहीतर गावात कुणाला काम नाय. लोकांनी जनावरं छावणीला नेलीत. खंडेरावशेठनी लॉजच्या न्हाणीघरावर पाटी लावली, पाहुण्यांनी एकच बादली वापरावी. आई म्हणते, शहरातली माणसं बादली बघून अशी तोंडं करतात जशी तिच्यात बेडूक आहे.

पेनड्राइव्ह परत पाठवतोय. नीट करून धाड.

तुझा (अजून थोडा रागावलेला),
सुयश


रांजणगाव
दि. ८ जानेवारी

चि. सुयश यास अ. उ. आ.

गुन्हा माझा. अंबिका क्लासला गेली होती आणि मला घाई, म्हणून मीच फाइल ओढून टाकली. तिनं तुझं पत्र वाचलं आणि पोट धरून हसली, वर माझ्यावर रुसली की तिच्या डिप्लोमाची इज्जत गेली. आता दोन पेनड्राइव्ह तिनं स्वतः बनवलेत. लालमध्ये पपी, काळ्यात मिंट. लॅपटॉप चालू करताना एफ-बारा दाबून धर, यादी येईल, तिच्यातून पेनड्राइव्ह निवड. आणि नुसतं छान दिसतं म्हणून पसंत करू नको. त्यावर ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चालव, लिब्रेकॅड नावाचं, तेही फुकट आहे. ते चाललं तर सिस्टीम चांगली.

शिफ्टची गाडी हॉर्न वाजवतेय. पळते.

ताई


वेरूळ
२२ जानेवारी

ती. ताईस सप्रेम जयभीम वि. वि.

आज पत्र लांब होणार, चहा घेऊन बस.

आधी लाल. ताई, मी एफ-बारा दाबून यादीत बोट ठेवलं आणि चहाचा कप उचलेपर्यंत समोर पडदा तयार! हाच लॅपटॉप. बाण हाताबरोबर पळायला लागला. पपीचं सगळं मेमरीत बसतं, हार्डडिस्कला हात लावायची गरज नाय. फोन वायरीनं जोडून नेट घेतलं, लिब्रेकॅड उतरवून घेतलं, आणि दिवसभर बसून आपल्या दाराचं ड्रॉइंग काढलं, बिजागऱ्यांसकट. संध्याकाळी बंद करताना त्यानं विचारलं, जपून ठेवायचं का. मी घाईत नाय म्हणालो. दुसऱ्या दिवशी दार गायब. चूक माझीच, पण अशी चूक मी पुन्हा करणार हे मला माहीत आहे. आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाय आणि बॅटरी श्वास घेत नाय. मला घाईत काम करताना सांभाळून घेईल असं पाहिजे.

मग काळा. मिंट दिसायला लई देखणं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, हेच घे, पोरगी बघायला गेल्यासारखं काय करतोस. पण लिब्रेकॅड उघडलं, सोबत फोनवरचा धडा बघायला ब्राउझर उघडला, की डिस्क कुरकुरायला लागते आणि रेघ अर्ध्यावर थांबते. त्याचा दोष नाय, ते मोठ्या मशीनसाठी आहे. आपली मेमरीच एवढीशी.

म्हणून मला आता तिसरी बघायची आहे, लुबुंटू. अंबिकाताईंना सांग, त्यांच्या डिप्लोमाबद्दल मी काही बोललो नव्हतो.

एक अडचण आहे. माऊस डाव्या हातात घेतला की क्लिक उलटं पडतं. सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करता येते, ती केली. आता आई माऊसला हात लावते तेव्हा तिचं उलटं पडतं आणि ती मला शिव्या देते.

इकडची काळजी करू नको, स्वतःच्या जेवणाची कर.

तुझा,
सुयश


वेरूळ
११ फेब्रुवारी

चि. सुलेखाला आईचा लई लई आशीर्वाद.

हे अक्षदा लिहून देतेय, लॉजच्या काउंटरवरची पोरगी. मी सांगते तसंच लिही म्हणलंय तिला, शाळेतल्यावानी करू नको म्हणलंय.

सुलेखा, तुझं ते तिसरं पेनड्राइव्ह आलं आन् पोरगं लई खुश झालं. हेच ठेवायचं म्हणला, मनासारखं हाय. मग त्यानं जुनं सगळं पुसून ते नवं आत घालायला सुरुवात केली. निम्मं झालं असंल नसंल, लाइट गेली. यंत्र काळं पडलं. लाइट आली तवा जुनं बी नाय आन् नवं बी नाय, नुसतं इंग्रजी पांढरं अक्षर. त्यानं झाकण लावलं आन् भिंतीकडं तोंड करून झोपला. आज आठवडा झाला. जेवतो, पण बोलत नाय. पत्र लिही म्हणलं तर वही फेकली. दाढी वाढवलीय. रामकिसन विचारायला आला तर हात गोधडीत लपवून बसला.

मला त्या यंत्रातलं कळत नाय. पर बाई, मागच्या महिन्यात हेच पोरगं शीळ घालत व्हतं. मी चपात्या लाटायला जाताना मला ऐकू यायची. म्हणून सांगते, तू ये. नाय जमलं तर काय करायचं ते लिहून धाड.

पाणी मिळतं, फिकीर करू नको.

तुझी आई, भामाबाई

ताई, मी अक्षदा. मावशींनी शिव्याही सांगितल्या होत्या, त्या मी लिहिल्या नाहीत. आमच्या लॉजवर इन्व्हर्टर आहे. कामाचा असेल तर कळवा, मी शेठना विचारते.


रांजणगाव
दि. १३ फेब्रुवारी

सुयश,

आईचं पत्र वाचलं. मी येत नाहीये. रजा मिळत होती, अर्ज लिहिला आणि फाडला. मी आले तर तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडशील, मीही रडेन, आणि मी गेले की तू परत भिंतीकडं वळशील.

अंबिका सांगते ते नीट वाच. लॅपटॉप मेलेला नाही. डिस्क रिकामी झालीय, एवढंच. ज्या पेनड्राइव्हवरून तू सुरुवात केलीस तो अजून तुझ्याजवळ आहे, त्याला काही झालेलं नाही. तो लाव, एफ-बारा दाब, लुबुंटू पहिल्यासारखंच उघडेल. मग पुन्हा पहिल्यापासून घालायचं. फक्त घरी नाही, लॉजवर जाऊन, इन्व्हर्टरवर. अक्षदानं स्वतःहून विचारलंय.

लॉजवर माणसं असतील, हे मला माहीत आहे. ती तुझ्या हाताकडं बघतील. काही विचारतीलही. ते मला इथं बसून थांबवता येत नाही रे, नाहीतर थांबवलं असतं. तुला सांगू, मीसुद्धा दवाखान्यात पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा खिडकीकडं बघत होते. दुसऱ्यांदा बघू शकले. आता मला तो तुझा हात वाटतो, दुसरं काही नाही.

परीक्षा एप्रिलच्या वीस तारखेला ठरली. जायचं नसेल तर नाही म्हण, मी नानासाहेबांना सांगेन आणि तुला एका शब्दानं बोलणार नाही. पण ते नाही तू लिहून कळव.

माझी माया तुझ्या हो-नाहीवर अवलंबून नाही.

ताई


वेरूळ
५ मार्च २०१९

ती. ताईस सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र आल्यावरही मी तीन-चार दिवस उठलो नाय, खोटं कशाला लिहू. मग एका दुपारी आई कामाला गेल्यावर सहज पेनड्राइव्ह लावून बघितला. तू लिहिलं होतंस तसं उघडलं. रिकाम्या डिस्कवरसुद्धा. मी बराच वेळ त्याच्याकडं नुसता बघत बसलो. मग दाढी केली.

लॉजवर गेलो. हात खिशातच होता. अक्षदानं काउंटरचा एक कोपरा मोकळा करून दिला. पण एका हातानं पिशवी उघडायची, वायर लावायची, वर एफ-बारा दाबून धरायचं, हे होईना. शेवटी दुसरा काढलाच. एक नाशिककडच्या बाई सहलीबरोबर आल्या होत्या, त्यांनी बघितलं आणि काय झालं म्हणून विचारलं. बोटं प्रेसमध्ये गेली, असं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, संध्याकाळी लेणी कितीला बंद होतात. एवढंच. मी घरात सहा महिने त्या प्रश्नाची तयारी करत होतो, आणि तो तेवढ्यात संपला.

मधे लाइट गेली. इन्व्हर्टरनं पीं केलं आणि काम चालू राहिलं. दुपारच्या जेवणाआधी लुबुंटू आत बसलं. ताई, हेच बरोबर आहे. पपीइतकं चपळ नाय, मिंटइतकं देखणं नाय, पण लिब्रेकॅड आणि ब्राउझर सोबत चालतात आणि मेमरी थोडी उरते. रोज दुपारी तिथंच बसतो. पहिल्यांदा एका ड्रॉइंगला सबंध दिवस जायचा, आता दुपार पुरते. लिब्रेकॅडमध्ये बरंच काम किबोर्डवरून करता येतं, दोन अक्षरं दाबली की रेघ, दोन दाबली की गोल. माझा उजवा अंगठा आणि करंगळी त्यात लई पटाईत झालेत.

खंडेरावशेठनी बघितलं आणि लॉजचं बिल काढायचं कॉम्प्युटर माझ्यापुढं ठेवलं, तेही असंच म्हातारं. त्यातलं सगळं आधी दुसरीकडं जपून घेतलं, मग त्यावरही लुबुंटू घातलं. अक्षदा म्हणते, पूर्वी पाहुणे बिलाची वाट बघत चहा मागायचे, आता शेठचा चहाचा धंदा बसला.

परीक्षेला येतो. नानासाहेबांना सांग.

घाम गाळायची हिंमत आहे, बाकी तुझी माया असू दे.

सुयश


वेरूळ
२१ एप्रिल

ती. ताईस सप्रेम जयभीम वि. वि.

तुझी पहिली शिफ्ट असल्यानं काल भेट झाली नाय. रामकिसनदादांनी सकाळी दारात सोडलं. आम्ही पाचजण होतो. कॉम्प्युटर चकचकीत, आणि सॉफ्टवेअर भलतंच, लिब्रेकॅड नव्हे. पण रेघेचं चिन्ह रेघेसारखंच असतं आणि गोलाचं गोलासारखं. माऊसची बटणं बदलू का, असं नानासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, बदल, पण घड्याळ चालू आहे.

दोन ड्रॉइंग होती. पहिलं बेअरिंग ब्लॉकचं, ते पुरं केलं. दुसरं वेळेत झालं नाय, मापं टाकायची राहिली. बाकीच्यांपैकी दोघांचं दोन्ही झालं. मी उठून बाहेर येत होतो तेवढ्यात नानासाहेबांनी थांबवलं. दुसऱ्या ड्रॉइंगला तू आधी सेक्शन, म्हणजे मधून कापल्यावर दिसतो तसा भाग, का काढलास, सगळे वरून बघतात तसं का नाही काढलं, म्हणून विचारलं. मी म्हणालो, मी मशीनवर काम केलंय, ऑपरेटर पहिल्यांदा सेक्शनच बघतो. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. कळवू, म्हणाले.

आईला मी सांगितलंय की जमलं नसणार. ती म्हणते, तरीबी आज शेवया करते.

तुझा,
सुयश


रांजणगाव
दि. २५ एप्रिल

चि. सुयश यास,

दोघं घेतलेत. त्यातला एक तू. सहा महिने शिकाऊ, मग पक्कं. नानासाहेबांनी मला गेटवर गाठून सांगितलं आणि वर बजावलं, की वेग वाढव म्हणावं. अंबिका नाचतेय, खालच्या मजल्यावरचे ओरडतायत. पुढचं मला लिहिता येत नाही.

ताई


वेरूळ
१९ मे २०१९

ती. ताईस सप्रेम जयभीम वि. वि.

कामाला लागून दोन आठवडे झाले. रामकिसनदादांच्या मागं बसून जातो-येतो. रस्त्यात दौलताबादजवळ सगळं रान करपलेलं दिसतं आणि वाळूज जवळ आलं की नव्या शेडची लोखंडं. टँकर दोन्हीकडं सारखेच.

ड्रॉइंगची खोली वर आहे आणि खाली प्रेसची शेड. हे मला आधी ठाऊक नव्हतं. प्रेस पडते तेव्हा जमिनीतून आवाज येतो आणि खुर्चीतून पाठीत चढतो. पहिले दिवस प्रत्येक धक्क्याला माझा हात माऊसवरून उठायचा. शेजारच्या टेबलावरच्या कुणाला कळलं नाय. मी जेवायच्या सुट्टीतसुद्धा मागच्या जिन्यानं उतरत होतो, म्हणजे वाटेत शेड लागू नये.

शुक्रवारी हनुमान म्हणून एक ऑपरेटर माझं ड्रॉइंग हातात घेऊन वर आला. म्हणाला, पत्र्याच्या पट्टीचं भोक जागेवर बसत नाय, साहेब खाली येऊन बघा. मला साहेब म्हणाला म्हणून दचकलो की खाली ये म्हणाला म्हणून, ते सांगता येत नाय. कागद इथंच ठेव, मी बघून सांगतो, असं तोंडात आलं होतं. पण चूक कागदात आहे की पट्टीत, ते पट्टी मोजल्याशिवाय कळणार कसं?

गेलो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय थांबले. हनुमान पुढं निघून गेला होता, त्यानं वळून बघितलं आणि तो थांबला. मशीन चालू होती. तिच्यापुढं जाळी आहे, आणि दोन बटणं दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय ती खाली येत नाय. मी आधी ते बघितलं. मग पुढं गेलो.

मापायचं व्हर्निअर मी डाव्या हातात धरलं, पट्टीचं टोक हनुमाननं धरलं. चूक माझीच निघाली. एक माप मी चुकीच्या कडेपासून टाकलं होतं. तिथंच पेन्सिलनं दुरुस्त करून सही केली. हनुमाननं डाय, म्हणजे प्रेसचा साचा, सरकवून घट्ट केली आणि मला म्हणाला, आता वर जायला हरकत नाय. मी म्हणालो, एक पीस काढ, बघून जातो.

प्रेस पडली. मी डोळे मिटले नाहीत. पीस घरंगळत ट्रेमध्ये आला. उचलला तेव्हा कोमट होता, आणि भोक जागेवर होतं. मी तो हनुमानच्या हातात दिला, वर आलो आणि पुढचं ड्रॉइंग उघडलं.

पुढच्या रविवारी तू आणि अंबिकाताई दोघी वेरूळला या. आईनं पाण्याचे दोन ड्रम तुमच्यासाठी झाकून ठेवलेत आणि मला हात लावू देत नाय.

तुमची वाट बघणारा,
सुयश